ओझरची धावपट्टी कोणासाठी?

टाटा समूहाच्या एअर इंडियात विस्तारा ही कंपनी १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विलीन झाली. त्याच्या सहा आठवडे आधी, १ ऑक्टोबरला, एअर एशिया इंडिया या नावाने सुरू झालेली कंपनी एअर इंडिया एक्स्प्रेसमध्ये विरघळून गेली होती. चार पाट्यांपैकी दोन उतरल्या, दोन उरल्या. असे विलीनीकरण झाले की प्रत्येक मध्यम शहरात एका आशेची पालवी फुटते: आता ही मोठी कंपनी नवे प्रादेशिक केंद्र कोठे उघडणार? विमानवाल्यांच्या भाषेत त्याला ‘हब’ म्हणतात. नाशिकही या आशेला अपवाद नाही. आमच्याकडे तीन हजार मीटरची धावपट्टी आहे, मुंबई दाटीने गुदमरली आहे, तेव्हा कंपनी आपण होऊन ओझरला येईल, असे नाशिकच्या व्यापारी आणि उद्योजक वर्गातील अनेकांना प्रामाणिकपणे वाटते.

कंपनी येणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. ती का येणार नाही आणि त्यावर काय करता येईल, याचा विचार श्रमिक चळवळीने केला पाहिजे, म्हणून हा लेख.

येथेच एक साथी आम्हाला अडवतील, आणि त्यांचे अडवणे रास्त आहे. एस. टी.च्या कामगारांना २०२१ च्या अखेरीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत संपावर राहावे लागले, सुरगाणा-पेठच्या पाड्यांवर बस वेळेवर पोचत नाही, नाशिकहून पुण्याला जायला आजवर थेट लोहमार्ग नाही. आणि आपण विमानांची चर्चा कशाला करायची? विमानात बसणारा माणूस आपला कोण? प्रश्न खरा आहे. पण हब म्हणजे प्रवाशांची सोय एवढाच अर्थ नव्हे. विमान ज्या गावी रात्री मुक्कामाला असते, त्या गावी यंत्रज्ञ राहतात, चालक आणि सेवक राहतात, सुटे भाग ठेवण्याची कोठारे उभी राहतात, आय. टी. आय.मधून बाहेर पडलेल्या मुलाला शिकाऊ म्हणून जागा मिळते. ज्या गावी ते अर्धा तास टेकून पुन्हा उडते, त्या गावाला यातले काही मिळत नाही. तेव्हा हा प्रश्न मूलतः रोजगाराच्या वाटणीचा आहे. आणि धावपट्टी, जमीन, रस्ता, पोलीस, अग्निशमन हे सारे जर सार्वजनिक पैशातून उभे राहिले असेल, तर तो सार्वजनिक साधनांवरील हक्काचाही प्रश्न आहे.

ओझरची गोष्ट तर या दृष्टीने फारच बोलकी आहे. ऑगस्ट १९६३ मध्ये मिग विमाने बांधण्यासाठी एरोनॉटिक्स इंडिया ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि १ ऑक्टोबर १९६४ रोजी ती बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये विलीन होऊन आजची हिंदुस्थान एरोनॉटिक्स जन्मली. म्हणजे ही देखील एक विलीन झालेली विमान कंपनीच! तिने आपली कामे कोठे ठेवली? विमानाचा सांगाडा नाशिकला, इंजिन ओरिसातील कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला. कोरापुट हा आदिवासींचा, डोंगरांचा, उद्योगांनी कधी न पाहिलेला जिल्हा. केवळ नफ्याचा हिशेब करणाऱ्या कोणत्याही कंपनीने इंजिनाचा कारखाना तेथे नेला नसता. तिने तो बंगलोरच्या जुन्या आवारातच दाटीवाटीने बसवला असता. नाशिकच्या बाबतीत यशवंतराव चव्हाण त्या वेळी संरक्षणमंत्री होते आणि १९६३ मध्ये नाशिकमधूनच बिनविरोध लोकसभेवर गेले होते, हे आम्ही विसरत नाही. राजकारण त्यातही होते. परंतु ते उघड राजकारण होते. त्याबद्दल संसदेत विचारता येत होते, टीका करता येत होती, आणि मतदाराला त्याचा हिशेब मागता येत होता.

त्या निर्णयातून ओझरला काय मिळाले ते जिल्ह्याला ठाऊक आहे. मिग-२१ च्या निरनिराळ्या आवृत्त्या, मग मिग-२७, मग सुखोई-३०. निफाड-दिंडोरीच्या शेतकऱ्यांची मुले फिटर, टर्नर, वेल्डर झाली, वसाहत उभी राहिली, दोन पिढ्यांचे संसार सावरले. पण लष्करी मागणी ही पावसासारखी असते. सुखोईची मोठी मागणी संपत आली तेव्हा पुढे काय, या चिंतेने कामगार ग्रासले होते. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये वेतनकराराच्या प्रश्नावर देशभरातील हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे कामगार संपावर गेले, त्यात नाशिकही होते. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी १२ सुखोईंची मागणी आली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तेजस मार्क-१अ या विमानाच्या बांधणीची मालिका ओझरला सुरू झाली. हा दिलासा आहे. तथापि दोन मागण्यांमधल्या दुष्काळात कुशल हात रिकामे राहू नयेत, यासाठी नागरी विमानांच्या देखभालीचे बारमाही काम त्यांच्या जोडीला हवे. नोव्हेंबर २०२३ मध्ये एअरबसशी झालेल्या कराराने ए-३२० जातीच्या विमानांची देखभाल-दुरुस्ती नाशिकला करण्याचे ठरले, ते या कारणाने महत्त्वाचे आहे. दुरुस्तीची सोय आहे, हात आहेत, धावपट्टी आहे. नाही ती फक्त येथे मुक्कामाला राहणारी विमाने.

आता नागरी विमानांचा इतिहास पाहू. भारतात हब ही कल्पना प्रथम कोठे साकार झाली, असे विचारले तर आजचे व्यवस्थापनतज्ज्ञ दिल्लीचे नाव घेतील. वस्तुतः ती साकार झाली नागपुरात, १९४९ साली, आणि तीही पत्रांसाठी. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली चार डाक-विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या गावी परतत. त्याच वर्षी साध्या टपालाच्या दरातच पत्रे विमानाने नेण्याची योजना सुरू झाली. खेड्यातल्या माणसाने टाकलेले पत्र जादा पैसे न घेता विमानातून जात होते! नागपूरची निवड कोणा भागधारकाच्या लाभांशासाठी झाली नव्हती. ते देशाच्या मध्यावर होते आणि टपाल सर्वांचे होते, इतके साधे कारण त्यामागे होते.

१९५३ च्या कायद्याने विमान वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले आणि आठ खासगी कंपन्यांच्या देशांतर्गत सेवा इंडियन एअरलाइन्स या महामंडळात विलीन झाल्या. ते विलीनीकरण बुडत्या कंपन्यांना वाचवण्यासाठीही होते, हे मान्य केले पाहिजे. डाकोटा विमानांची गर्दी झाली होती आणि कंपन्या एकमेकींचे गळे कापत होत्या. पण त्यानंतर चार दशके, मोठ्या शहरांच्या मार्गांवर मिळणाऱ्या पैशातून लहान गावांचा तोटा भरून काढणे हा अपवाद नव्हता, तो कारभाराचा नियम होता. एस. टी. आजही अशीच चालते. १९८१ मध्ये निघालेले वायुदूत याच विचारातून आले. ईशान्येच्या लहान धावपट्ट्यांपर्यंत पोचावे म्हणून दोन सरकारी कंपन्यांनी मिळून ते काढले होते.

मग सरकारी मालकी म्हणजे सर्व काही आलबेल, असे आमचे म्हणणे आहे काय? मुळीच नाही. २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांचे विलीनीकरण झाले तेव्हा मालक सरकारच होते. त्याआधीच १११ नव्या विमानांची मागणी दोन्ही कंपन्यांच्या माथी मारली गेली होती. दोन वेतनश्रेणी, दोन सेवाज्येष्ठता, दोन संस्कृती यांची सांगड घालण्याआधी पाटी बदलली गेली. आणि या विलीन झालेल्या सरकारी कंपनीने आपले नवे केंद्र कोठे काढले? जर्मनीतील फ्रँकफुर्टला! २००९ मध्ये ते सुरू झाले आणि २०१० मध्ये गुंडाळावे लागले. नागपूर नाही, नाशिक नाही, औरंगाबाद नाही; फ्रँकफुर्ट. सार्वजनिक कंपनीचे कान जनतेकडे नसले आणि मंत्रालयातल्या बाबूंकडेच असले की काय होते, त्याचा हा धडा आम्ही समाजवाद्यांनीही गिरवला पाहिजे. बोइंगच्या मागणीच्या बदल्यात नागपूरच्या मिहानमध्ये उभा राहिलेला देखभाल-दुरुस्तीचा तळ २०१५ मध्ये सुरू झाला, हीच त्या व्यवहारातील महाराष्ट्राची प्राप्ती.

तोटा साठत गेला. २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया टाटांच्या हाती गेली. बोली १८,००० कोटी रुपयांची. त्यातील रोख २,७०० कोटी, बाकी कर्जाची जबाबदारी. एकूण कर्ज ६१ हजार कोटींच्या वर होते. त्यातील ४६ हजार कोटींहून अधिक भार सरकारच्या धारक कंपनीच्या, म्हणजे तुमच्या-आमच्या डोक्यावर राहिला. विमाने, मार्ग, उतरण्याच्या मोक्याच्या वेळा खरेदीदाराकडे, कर्ज करदात्याकडे. याला कार्यक्षमता म्हणतात!

त्यानंतर या विलीन कंपनीने आपला पसारा कोठे मांडला, तेच पाहावे. मुख्यालय गुरुग्रामला. मुंबईच्या नरिमन पॉइंटवरील तिची जुनी इमारत विक्रीच्या वेळी सरकारकडेच राहिली आणि पुढे ती विकत घेण्यासाठी राज्य सरकारने १,६०१ कोटी रुपये मोजायचे ठरवले. विमानांच्या देखभालीचा नवा मोठा तळ बंगलोरला, ३५ एकरांवर. तेथे हैदराबाद-बंगलोरचा प्रवासी आहे, परदेशी भागीदार आहे, तयार बाजार आहे. महाराष्ट्राच्या वाट्याला अमरावतीजवळच्या बेलोऱ्याची वैमानिक प्रशिक्षण संस्था आली, तीही राज्य सरकारच्या विमानतळ विकास कंपनीने जागा देऊ केली म्हणून. विदर्भातल्या मागास भागात काही उभे राहते आहे याचा आम्हाला आनंद आहे. मात्र वर्षाला १८० वैमानिक घडवण्याचे शुल्क कोणाच्या खिशाला परवडेल, हा प्रश्न तेथील साथींनी विचारायला हवा. आणि मुंबईची दाटी? ती फोडायला अदानी समूहाचे नवी मुंबई विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाले. दि. बा. पाटलांनी ज्या भूमिपुत्रांसाठी आयुष्य वेचले त्यांच्या जमिनींवर ते उभे आहे. मुंबईतून ओसंडणारे विमान तेथे जाईल, कसारा घाट ओलांडून ओझरला येणार नाही.

नाशिकचे दुर्दैव भौगोलिक आहे, असे म्हटले जाते. मुंबई फार जवळ. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यावर तर ती आणखी जवळ आली. मुंबई-नाशिक विमानाची गरज उरली नाही, हे खरे आहे. ती मागणी करणाऱ्यांनी ती सोडून द्यावी. द्राक्षे विमानाने जातील म्हणून हब हवे, हेही फसवे आहे. नाशिकची द्राक्षे शीतपेट्यांतून न्हावा-शेव्याच्या बंदरावरून युरोपला जातात आणि तेच शेतकऱ्याला परवडते. आंब्याचे मात्र वेगळे. २००७ पासून अमेरिकेला जाणारा हापूस विकिरणासाठी लासलगावच्या कृषक केंद्रात आणला गेला. कोकणातून घाट चढून लासलगावला, तेथून पुन्हा घाट उतरून मुंबईच्या विमानतळावर. ओझरची धावपट्टी वाटेवर, आणि पेट्या तिला वळसा घालून पुढे! आंबा थोडा, मोसम लहान, त्यावर हब चालत नाही, हे आम्ही जाणतो. पण नियोजनाचा अभाव कसा दिसतो, ते पाहायला हे उदाहरण पुरेसे आहे.

प्रवासी सेवेचा अनुभव काय सांगतो? ३ मार्च २०१४ रोजी ओझरला सार्वजनिक पैशातून बांधलेल्या प्रवासी इमारतीचे उद्घाटन झाले आणि नंतर कित्येक महिने तेथे नियमित विमानच नव्हते. ‘उडान’ योजनेत डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कनचे छोटे विमान आले. उडाले त्यापेक्षा अधिक वेळा रद्द झाले, अशी त्याची ख्याती राहिली. २०१८ मध्ये जेट एअरवेजची दिल्ली सेवा आली. एप्रिल २०१९ मध्ये कंपनीच जमीनदोस्त झाली. ट्रूजेट, स्पाइसजेट, अलायन्स एअर, सारे आले आणि गेले. अनुदानाची मुदत असेतो विमान, मुदत संपली की रिकामी खिडकी. मार्च २०२३ पासून इंडिगो आली, आणि तिची विमाने चालली हे मान्य करायला हवे. परंतु एका कंपनीवर विसंबून राहणे म्हणजे काय, हे डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात देशाने पाहिले. वैमानिकांना पुरेशी विश्रांती द्यावी असा नियम लागू झाला, कंपनीने माणसे वेळेत नेमली नव्हती, आणि ५ डिसेंबरच्या एका दिवसात हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. सरकारने काय केले? कंपनीला विश्रांतीच्या नियमातूनच तात्पुरती सूट दिली! चूक मालकाची आणि झोप मोडली कामगाराची. देशातील दर दहा विमान प्रवाशांपैकी सुमारे नऊ जण आज दोनच समूहांच्या विमानांतून जातात. अशा मक्तेदारीपुढे मंत्रालय हात जोडून उभे राहते, तर नाशिकच्या शिष्टमंडळाची काय कथा?

ओझरचे नाव आपल्या चळवळीला विमानांमुळे माहीत नाही. बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी वाघाड धरणाच्या कालव्यावर उभ्या केलेल्या पाणीवापर संस्थांमुळे ते माहीत आहे. कालव्याच्या मुखाशी बसलेला शेतकरी हवे तेवढे पाणी उचलतो आणि शेपटाकडचा कोरडा राहतो, हे दुखणे तेथे होते. शेपटाकडच्या शेतकऱ्यांनी संघटित होऊन पाणी मोजून घेण्याचा हक्क मिळवला आणि आपले आवर्तन आपण ठरवले. विमानांच्या जाळ्याचेही तसेच आहे. दिल्ली, मुंबई, बंगलोर ही मुखे. नाशिक, नांदेड, जळगाव, सोलापूर, कोल्हापूर ही शेपटे. मुखाशी बसलेला आपण होऊन दार खाली करील, या आशेवर शेपटाकडच्या शिवारात पीक उभे राहत नाही.

मग मागणी कोणती करावी? टाटांच्या दारी अर्ज घेऊन जाण्यात वेळ दवडू नये. २०२२ च्या विक्रीतून वगळल्या गेलेल्या आणि सरकारी धारक कंपनीकडे राहिलेल्या गोष्टींपैकी दोन येथे महत्त्वाच्या: अलायन्स एअर ही प्रादेशिक कंपनी आणि देखभाल-दुरुस्ती करणारी एअर इंडिया इंजिनिअरिंग सर्व्हिसेस. पहिलीकडे सत्तर आसनांची मोजकी एटीआर विमाने आहेत. २०२२ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बांधलेले १७ आसनांचे डॉर्नियर तिने नागरी सेवेत उडवले. एप्रिल २०२५ मध्ये अमरावतीला पहिले विमान नेणारीही तीच. ती तोट्यात आहे, कारण तिला भांडवल नाही आणि तिचे मार्ग तोट्याचेच आहेत. विकायला काढायची वस्तू म्हणून तिला आजवर उपाशी ठेवले गेले. दुसरीच्या हाती नागपूरचा तळ आहे. तिसरी, ओझरची हिंदुस्थान एरोनॉटिक्स. तिन्ही सरकारच्या मालकीच्या. या तिघींचा मेळ घालून पश्चिम भारतासाठी सार्वजनिक प्रादेशिक सेवेचे केंद्र ओझरला काढा: विमाने रात्री येथे राहतील, सकाळी नागपूर, नांदेड, हैदराबाद, इंदूर, बेळगाव, गोवा अशी जातील, त्यांची देखभाल येथेच होईल. मोठ्या जेट विमानांचे हब नाशिकला शोभणार नाही आणि झेपणारही नाही. पंख्याच्या विमानांचे झेपेल.

पैसा कोठून आणणार, हे विचारले जाईलच. ‘उडान’ योजनेत मोठ्या मार्गांवरील उड्डाणांकडून आकार घेऊन तो निधी खासगी कंपन्यांना तीन-तीन वर्षे वाटण्याची पद्धत २०१७ पासून रूढ झाली. तोच पैसा सार्वजनिक कंपनीला पायाभूत भांडवल म्हणून का देऊ नये? शिवाय कंपन्यांवर सक्ती करता येत नाही, हेही खोटे आहे. मोठ्या मार्गांवर जेवढी आसने चालवाल त्याच्या ठरावीक हिश्श्याइतकी सेवा ईशान्य भारत, काश्मीर, अंदमान, लक्षद्वीप येथे आणि इतर लहान मार्गांवर दिलीच पाहिजे, असा नियम १९९४ पासून आहे. सक्तीचे तत्त्व खुल्या बाजाराच्या सरकारांनीही मोडीत काढले नाही. ते वाढवून प्रत्येक मोठ्या राज्यातील दुय्यम शहरांना लागू करण्याची मागणी खासदारांनी लोकसभेत करावी.

मधू दंडवते रेल्वेमंत्री असताना दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गादी आली, आणि कोकणात रेल्वे जावी हा आग्रह त्यांनी आयुष्यभर धरला. नफ्याच्या पाहणी-अहवालांची वाट पाहिली असती तर ती रेल्वे रोह्यापुढे सरकली नसती. १९९८ मध्ये ती मंगळूरपर्यंत धावली, कारण ती एक राजकीय मागणी झाली होती आणि तिच्यामागे वर्षानुवर्षे माणसे उभी होती.

नाशिकमध्ये ती माणसे कोण, हे आता ठरवायचे आहे. ओझरच्या कामगार संघटना, कंत्राटी कामगार, जानोरी-मोहाडीचे शेतकरी, आय. टी. आय.चे विद्यार्थी यांच्याशी हा विषय बोलला गेला पाहिजे. तो केवळ चेंबरच्या सभागृहात राहू नये. २०२७ च्या सिंहस्थासाठी ओझरच्या विमानतळावर पुन्हा सार्वजनिक पैसा ओतला जाणार आहे. विमाने येतील, भाविक उतरतील, मंत्र्यांची छायाचित्रे निघतील. त्या नव्या बांधकामात रात्री मुक्कामाला राहणाऱ्या विमानांसाठी किती जागा आहेत, त्या कोणत्या कंपनीला कोणत्या अटींवर दिल्या जाणार आहेत, आणि सिंहस्थ आटोपल्यावर तेथे भरती झालेल्या कामगारांचे काय होणार, ही माहिती जिल्हाधिकारी कार्यालयाकडे आणि हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या व्यवस्थापनाकडे लेखी मागावी. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.